खाट रिकामी ठेवायची नाही

गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. काकांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. आईला हवापालटाला महिनाभर पाठव, असं तू लगेच लिहिलंस. पण तू तिच्यासाठी अंथरूण घालण्याआधी मला मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करायची आहे. मी लिहिलं होतं, की घरात ढेकूण झाले होते पण आता गेले, आईच्या अंगावर तर एक डागही नाही. डाग नाही हे खरं आहे. गेले हे खरं नाही. ते सगळे आईच्या खाटेत आहेत.

मी तिचं अंग बघितलं होतं, गादी बघितली नव्हती. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरीच शिकवलं. त्यांचा पहिला धडा होता, आधी नीट बघ, मग लिही. मला वाटायचं, ढेकूण चावला की गांध उठतेच, कारण माझ्या दंडांवर उठायची. आता कळलं, की काहींच्या अंगावर काहीच उमटत नाही, खाजही सुटत नाही. वय झालेल्यांच्या तर बऱ्याचदा. आई त्यांतली आहे.

तुला सगळं सांगितलेलं नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहिते. उन्हाळ्यात मी आईजवळ झोपत होते तेव्हा माझं अंग सुजायला लागलं. बाबांनी फवारणीवाल्याला बोलावलं. त्याने खाटेच्या सांध्यांत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "फवारणी होईपर्यंत खोली बदलू नका. खाट रिकामी ठेवायची नाही. झोपणारा उठून गेला, की हे त्याला शोधत घरभर पसरतात." औषध आणायला तो खाली गेला. त्याच्या गाडीवर हा एवढा ढेकूण रंगवलेला होता, आणि नेमकी तेव्हाच बाबांच्या शिकवणीची मुलं येत होती. बाबांनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. "ही गाडी माझ्या दारात दिसली, तर उद्या या सतरंजीवर आपलं पोर कोण बसवेल?" मग त्यांनी स्वतःच सांध्यांत रॉकेल ओतलं, गादी उन्हात टाकली. मी स्वयंपाकघरात झोपायला लागले. माझं अंग बरं झालं. बाबा म्हणाले, "गेले." मीही तेच म्हटलं.

आई मात्र पांढरी पडत गेली. पायाचं हाड मोडल्यापासून ती तशीही फारशी उठत नाही, त्यामुळे आधी लक्षात आलं नाही. मग मोरीपर्यंत जाताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "कुठून रक्त जातंय का हो?"

"छे, कुठून जाणार?" आई म्हणाली. गोळ्या दिल्या. त्या ती घेते.

रविवारी तिच्या हातून पाणी सांडलं, म्हणून तिला खुर्चीत बसवून मी गादी उचलली. मावशी, हे वाचताना तुला किळस येईल, पण तू तिला घरात घेणार आहेस, तर तुला माहीत असायला हवं. गादीची शिवण दिसत नव्हती. काळे ठिपके, वाळलेली कात, पांढरी अंडी, आणि मधे जिवंत, फुगलेले. त्यांना एक गोडसर, कुबट वास असतो. तो मला कितीतरी दिवस येत होता. मी त्याला औषधाचा वास समजत होते.

"झाक ते," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"माझ्याच खाली आहेत, मला नाही तर कोणाला माहीत असणार? मला त्रास नाही गं होत. तुझ्या बाबांकडे तर एकसुद्धा फिरकत नाही. चव कळते बिचाऱ्यांना." आणि हसली. मग खोकली. "मी इथून उठले, की तुझ्याकडे येतील. त्या माणसानेच सांगितलं होतं ना, खाट रिकामी ठेवायची नाही."

"फवारणी होईपर्यंत म्हणाला होता, आई!"

"मग झाली का?"

मी झोपत होते, मावशी. सगळा पावसाळा मला गाढ झोप लागत होती.

बाबांना बोलावून गादी दाखवली. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मुलांच्या परीक्षा होऊ देत. मार्चनंतर बघू." मी म्हटलं, "बाबा, आई मार्चपर्यंत..." ते बाहेर जाऊन सतरंजी झटकायला लागले. वाईट नाहीत गं ते. तिची चादर रोज स्वतः इस्त्री करतात, कडक तापवून. पण गादी उचलत नाहीत. आणि मुलांची दप्तरं रोज त्याच भिंतीला टेकलेली असतात. त्यांच्या आयांना कोण सांगणार?

आमचा फोन बाबांच्या टेबलावर असतो, म्हणून मी कामाला जाते त्या दुकानातून त्या फवारणीवाल्याला फोन केला. आई उठेल त्याच दिवशी फवारणी व्हायला हवी, नाहीतर तिचंच म्हणणं खरं ठरेल. तेवढं वचन दिलं तेव्हा ती उठायला तयार झाली. अंडी एका फवारणीने मरत नाहीत, तो पुन्हा येणार आहे. गाडी दारात उभी राहील, मुलांसमोर राहील. बाबांना मी आदल्या दिवशी सांगेन, विचारणार नाही.

आईबरोबर अंथरूण काही येणार नाही, तू विणलेली शालसुद्धा नाही. उकळून, इस्त्री करून बंद पिशवीत ठेवलेले कपडे तेवढे येतील. निघताना तिला नखशिखांत न्हाऊ घालेन. तरी तू तिला दारातच कपडे बदलायला लाव, उतरवलेले उकळत्या पाण्यात टाक, पिशवी पलंगावर ठेवू नकोस. पलंग भिंतीपासून लांब ओढ आणि रोज शिवणी बघ. तिचं अंग बघू नकोस, अंग काही सांगत नाही.

हे सगळं कळल्यावर तुला नको वाटलं, तर दुकानाच्या पत्त्यावर तसं लिही. मी रागावणार नाही, खरंच. मग तिला इस्पितळात नेईन आणि तिथेही हे सगळं असंच सांगेन. पण त्या खाटेवर तिला ठेवणार नाही.

काकांना नमस्कार.

बुधवारी, एकोणीस तारखेला, आईला घेऊन घराबाहेर पडणारी,
तुझी भाची