लखनच्या शेडवरची आग

मु. वरचा तांडा, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
गुढीपाडव्यानंतरचा शनिवार

चि. सौ. जया हिस,

धरमसिंग मामाचा आणि रुपीबाई मामीचा भरभरून आशीर्वाद. तू, जावईबापू आणि लेकरू नागपुरात सुखरूप असाल, कूलर माळ्यावरून उतरला असेल आणि खुर्चीत बसून दुखणारी तुझी पाठ आता दुखायची थांबली असेल, असं समजून चालतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा आहे तसाच आहे, मामीची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे (हे तिनेच लिहायला सांगितलं), आणि गायी आम्हा दोघांपेक्षाही चांगल्या आहेत. गायींचं श्रेय तुझ्याकडे जातं, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण मी फोनवर आभार मानायला लागलो की मामी शेजारी बसून दुरुस्त्या सुचवते आणि तू मीटिंगमध्ये असतेस. पत्राला मीटिंग नसते.

बरंचसं तुला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला मधूनच सुरुवात करता येत नाही. तर आपल्या तांड्यामागचा डोंगर मागची दोन्ही वर्षं उन्हाळ्याच्या तोंडाशी जळला. कुणी म्हणालं मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला होता, कुणी म्हणालं बिडी. (पेटवणारा कधी सापडत नाही, बिडी ओढणारे सगळे सापडतात.) डोंगरावरचं गवत वनसमितीकडे आहे आणि समितीचा अध्यक्ष मी आहे, कारण त्या दिवशी बैठकीला लवकर पोहोचलो होतो. वनखात्याने बजावलं होतं की डोंगर तिसऱ्यांदा जळला तर समिती मोडणार आणि गवत बाहेरच्या ठेकेदाराकडे जाणार. तांड्यातल्या सगळ्या गायी त्याच गवतावर पावसाळा गाठतात. गवत गेलं की गायी बाजारात जातात, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. एरवी मी फारसा घाबरणारा माणूस नाही, पण या एका गोष्टीची मला मनातून धास्ती होती.

दिवाळीत तू आलीस आणि माझ्या फोनमध्ये ते आगीचं यंत्र बसवून दिलंस. उपग्रह वरून जाताना तापलेली जागा टिपतो, तुझ्या ऑफिसातलं यंत्र ती आग आहे का ते ठरवतं आणि मला मेसेज येतो, हे तू मामीला भाकरी थापता थापता समजावलंस. ते तिला लगेच कळलं. मला त्यातलं एकच पचायला जड गेलं, ते म्हणजे ही चित्रं फुकट आहेत आणि जगातल्या कुणीही पाहिली तरी चालतात. इतका खर्च करून कुणी वर उपग्रह सोडतो आणि त्याची चित्रं सगळ्यांसमोर मोकळी ठेवतो. आपल्याकडे सख्खा भाऊ सातबारा उलटा धरून दाखवतो. त्या अनोळखी माणसांचेही या पत्रातून आभार मानून ठेवतो. त्यांचा पत्ता मिळाला तर वेगळं लिहीन.

जाताना तू एक वाक्य बोललीस. मामा, प्रत्येक मेसेजखाली 'आग आहे का?' असं विचारलेलं असेल, हो किंवा नाही दाबा, यंत्र तुमच्या उत्तरावरून शिकतं. पुढच्या साऱ्या गोंधळाचं मूळ या वाक्यात आहे. तुझा दोष नाही. तू हे शिक्षकाला सांगितलंस, एवढंच.

पहिला मेसेज जानेवारीच्या शेवटी भर दुपारी आला. मी घंटा वाजवली, सगळा तांडा आग झोडपायला हातात कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन डोंगराच्या पायथ्याशी धावला, आणि नकाशावरचा लाल ठिपका पाहत पाहत आम्ही पोहोचलो ते लखनच्या शेळ्यांच्या शेडपाशी. नवे टिनपत्रे टाकलेत त्याने. दुपारी त्यावर पापड भाजून निघेल. आग मात्र कुठेच नाही. लखन माझा बालमित्र, हे तुला ठाऊक आहे. त्याची बायको मागच्या पावसाळ्यात गेली आणि पोरं पुण्याला कंपनीत. इतकी माणसं एकदम दारात पाहून तो आधी दचकला, मग चुलीकडे वळला. "आता आलेच तं चहा घेऊन जा, मास्तर," म्हणाला. (आपल्या बंजारा गोरबोलीत तो याहून गोड बोलला, पण हे पत्र तुझं लेकरूही वाचणार, म्हणून मराठीत लिहितो.)

चहा पिता पिता मी फोन उघडला. 'आग आहे का?' माझं बोट 'नाही'वर गेलं आणि तिथेच थांबलं. पहिलीच्या पोराला पहिल्या महिन्यात मी कधी 'चूक' म्हटलेलं नाही. 'क' उलटा काढला तरी शाब्बास म्हणायचं. पोराचा हात मोकळा झाला की 'क' आपोआप सुलटा होतो, आणि या पद्धतीने शिकलेली पोरं आज तहसील कार्यालयात आहेत. यंत्राचाही तो पहिलाच दिवस. रुपीबाईलाही विचारलं. ती म्हणाली, "ते बिचारं इतक्या वरून पाहून राह्यलं, त्याले नाही कायले म्हणता?" मी 'हो' दाबलं.

पोराचा हात मोकळा झाला. पुढे दर दोन-चार दिवसांनी दुपारी मेसेज यायला लागला आणि प्रत्येक वेळी ठिपका लखनच्याच शेडवर. सुरुवातीला आम्ही धावत जायचो, नंतर चालत, नंतर तर बाया हातात डहाळीबरोबर साखरेची पुडी घेऊन निघायला लागल्या, कारण एवढ्या चहाला लखनने तरी साखर किती आणावी. अध्यक्ष म्हणून मी नियम केला होता की मेसेज आला की प्रत्येक घरातून एक माणूस आलाच पाहिजे, आणि अध्यक्षपदाच्या काळात माझा पाळला गेलेला तेवढा एकच नियम आहे. लखनने दारव्ह्याच्या बाजारात सांगून टाकलं की परदेशातला उपग्रह खास त्याच्या बकऱ्या पाहायला थांबतो. मी आपला दरवेळी शाब्बास देत राहिलो.

मग तुझा फोन आला. तू फार सांभाळून विचारलंस, की मामा, लखनमामाचं शेड रोज जळतं का. मी खरं सांगितलं. तुझा आवाज एकदम फोनपासून लांब गेला. (हसत होतीस असं मामीचं म्हणणं आहे.) यंत्र माणसाच्या पोरासारखं मोठं झाल्यावर आपोआप सुधारत नाही, त्याला चुकीला चूकच म्हणावं लागतं, हे तू न रागावता समजावलंस, आणि जुनी उत्तरं महिनाअखेर साफ करते म्हणालीस. तेव्हाच मी ठरवलं की आता चोख तपासायचं.

नेमका त्याच आठवड्यात पुन्हा मेसेज आला. माणसं सवयीप्रमाणे लखनकडे जमली. चहा उकळत होता आणि मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात रुपीबाईने शेडमागे बोट दाखवलं. पायथ्याच्या मोहाखालून धूर निघत होता. जया, तो क्षण मला अजून आठवतो. वारा डोंगराकडे होता आणि गवत कमरेएवढं वाळलेलं. पण सगळा तांडा तिथे उभा होता, हातात डहाळ्या होत्या, आणि शेळ्यांसाठी भरून ठेवलेली पाण्याची टाकी होती. माणसं घरी असती तर त्यांना गोळा करेपर्यंत डोंगर गेला असता. चहा उतू जाऊन चूल विझली तोवर आगही विझली होती. दोन खाटा पसरतील एवढी जागा काळी झाली, बस. लखनच्या भुवया थोड्या गेल्या. त्याचं त्याला कौतुकच आहे.

हात धुऊन फोन उघडला. 'आग आहे का?' आता चोख उत्तर द्यायचं होतं. वळून नीट पाहिलं, आग कुठेच नव्हती. मी 'नाही' दाबलं.

होळीच्या सकाळी वनखात्याचे साहेब आले. गावातली होळी संध्याकाळी पेटते आणि आपल्या तांड्याची दुसऱ्या दिवशी पहाटे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्यांची जीप नेमकी लेंगी गात नाचणाऱ्यांच्या फेरात शिरली. बायांनी जीप अडवली आणि नाचल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. घामाघूम झालेल्या साहेबांनी मग पिशवीतून तुमच्या यंत्राचा नकाशा काढला; तो वनखात्यालाही जातो हे मला तेव्हा कळलं. सगळ्या भागात सर्वांत जास्त आगी आपल्या तांड्यात लागल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे अध्यक्षांचं 'हो' होतं. समिती मोडण्याचं पत्र सोबत तयार होतं. डफ थांबला. लखन माझ्याकडे पाहत होता, आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

सण असूनही तू पहिल्या रिंगला फोन उचललास, हे मी विसरणार नाही. तू वाद घातला नाहीस. दिवाळीपासूनची डोंगराची ती फुकटची चित्रं तारखेवार लावून पाठवलीस आणि साहेबांना एवढंच म्हणालीस की जळलेलं गवत वरून काळं दिसतं, ते यात कुठे दिसतं ते पाहा. साहेबांसोबतचा वनरक्षक संघदीप हुशार पोरगा आहे. त्याने चित्रं सरकवत नेली. डोंगर हिरवा, मग पिवळा, मग आणखी पिवळा. जिथे जिथे माझं 'हो' तिथे काळं काही नाही. शेवटी पायथ्याशी एक बारीक काळा डाग आला. त्याने नकाशाशी ताडून पाहिलं. तिथे माझं 'नाही' होतं.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमी तं सारे पेपर उलटे तपासले."

साहेब हसले. मग पायीच डोंगर चढून तो डाग पाहून आले, आणि पत्र पिशवीत परत गेलं. गवत समितीकडेच राहिलं. आज हे लिहिताना तांड्याच्या गायी तिथेच चरत आहेत. शाळेत असताना तू वेणीला रिबीन नसली की माझ्या मागे लपायचीस. आता सारा तांडा तुझ्या मागे लपला, आणि तू सगळ्यांना पुरून उरलीस. आभार हा शब्द भाचीला लिहायला मामी परवानगी देत नाही, म्हणून तो न लिहिता पाठवत आहे.

तुझा,
धरमसिंग मामा

ता. क. तूरडाळ जीपवाल्याजवळ देत आहे. डबा परत नको, झाकण मात्र पाठव.

ता. क. आणखी एक. तू जुनी उत्तरं साफ केल्यापासून यंत्र अगदी शहाणं झालं आहे. एकही मेसेज नाही. चांगलंच आहे, पण त्यामुळे दुपारी लखनकडे कुणी फिरकत नाही. पायथ्याशी आता तो आणि त्याच्या शेळ्या, एवढेच. मोहफुलं अजून गळत आहेत. खरी आग लागली तर यंत्र अचूक सांगेल, पण ऐकणारे आपापल्या घरी कूलरपुढे झोपलेले असतील. तेव्हा मूळ विनंती अशी, की पाऊस लागेपर्यंत यंत्राला आठवड्यातून एखाद्या दुपारी लखनच्या शेडबाबत चुकू देता येईल का? बाकीच्या दिवशी खुशाल बरोबर असू दे.

ता. क. वरची विनंती रद्द समज. पाकीट चिकटवायला घेतलं तर दारावरून सगळा तांडा डहाळ्या आणि साखर घेऊन पायथ्याकडे निघालेला. माझा फोन पाहिला, त्यात काही नाही. रुपीबाई दारात उभी होती. म्हणाली, "तुमच्या फोनवर मेसेज आला म्हून साऱ्यायले सांगतलं मी. चष्मा घ्या अन् चाला." तेव्हा यंत्राला हात लावू नकोस. फक्त तांड्यातून कुणी तुला फोन करून विचारलं, तर मामीला उघडं पाडू नकोस. मी निघालो आहे. अध्यक्षाने उशिरा पोहोचणं बरं दिसत नाही.