गार इंजिनाचा आवाज

१४ नोव्हें., शुक्र.
अण्णांना सोलापूरला दाखवून आणलं. भावकीतल्या एकाच्या जीपमधून. इटकळच्या पुढं गतिरोधक आला की अण्णा माझा दंड आवळायचे. मणक्यात गाठ आहे. डॉ.नी मला एकट्याला बाहेर घेतलं. हातात वर्षभर, म्हणाले. नीट गेलं तर थोडं पुढं.
अण्णांना सांगितलं, सूज आहे, शेकानं उतरल. आईलाही तेच. खरं काय ते फक्त मला आणि धाकट्या रवीला ठाऊक.
२४ पासून महिनाभर रोज मशीनचा शेक, रेडिएशन म्हणतात ते. रोज त्या जीपमधून? गाठ राहू दे, जीपच मारल त्यांना.

१५ नोव्हें., शनि.
रवी म्हणतो, सोलापूरच्या एका कंत्राटदाराची जर्मन गाडी विकायला निघालीय. डिझेल, जुनी पण ऐटबाज. मी भडकलो. आपण ट्रॅक्टर दुरुस्त करणारी माणसं, ही मिजास कशाला! तर संध्याकाळी पठ्ठ्या घेऊनच आला. मी मागं बसून फेरी मारली. गतिरोधक कधी आला, कधी गेला, कळलं न्हाय. मग म्हटलं, बघू.
कंत्राटदार भला माणूस. दोन दिवस घरी ठेवून बघा म्हणाला.
सीट, काचा, गाणी, ते काय बघायचं न्हाय. इंजिन बघायचं. रस्त्यात बंद पडली तर अण्णांना घेऊन कुठं उभा राहू? घरात मोठ्यानं सांगून ठेवलं, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी चावीला कुणी हात लावायचा न्हाय. गार असताना सुरू केलं की इंजिनाचा खरा आवाज येतो. तापल्यावर सगळी सारखीच गोड वाटतात.

१६ नोव्हें., रवि.
डोकं फुटायची वेळ आली. अंघोळ करून बाहेर येतो तर दारात गाडी न्हाय! आईनं रवीला उठवून, अण्णांना बसवून, गाडी खंडोबाला नेलेली. "दारात गाडी आली आन् देवाला न दावता ठिवायची व्हय रं? त्यात आज आईतवार." अगं, अजून घेतली न्हाय, नुसती बघायला आणलीय! ते तिच्या गावीच न्हाय. बंपरापुढं नारळ फोडला, बॉनेट उघडून इंजिनावर मुठी भरभरून भंडारा उधळला. गाडी परत आली तर इंजिन तापलेलं. मी लई बोललो. आई देवघरात जाऊन बसली.
अण्णा मात्र कपाळभर भंडारा लावून हसत होते. लई दिवसांनी.

दुपारी फडकं घेऊन भंडारा झटकायला बसलो. सगळीकडचा उडाला. वरच्या झाकणाच्या एका कडेला मात्र काळपट चिखल होऊन चिकटलेला. बोट लावलं, ऑइल! हळूहळू पाझरतंय. इंजिन धुऊन-पुसून दिलेलं, एरवी दिसलंच नसतं. आईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग? देवानं दावलं का न्हाय?"
झाकणाचं गॅस्केट बदललं की ते मिटल. त्याची भीती न्हाय.

१७ नोव्हें., सोम.
आज गार इंजिन मिळालं. चावी फिरवली. सुरुवातीलाच मागच्या अंगानं खळखळ, डब्यात खिळे हलवल्यागत. ती लगेच थांबली, मग इंजिन लोण्यागत मऊ. गाडी थांबवून परत लावली तर खळखळ न्हाय. ट्रॅक्टरला असला आवाज कधी ऐकला न्हाय. खोटं कशाला लिहू, मला कळलं न्हाय.
ओसरीवर बाजेवरून अण्णा: "मल्लू, काय वाजलं रं?"
"काय न्हाय अण्णा, गारठा."
त्यांच्याशी खोटं बोलायची सवयच लागलीय मला. स्वतःची चीड येते.

१९ नोव्हें., बुध.
कंत्राटदाराकडून आणखी दोन-चार दिवस मागून घेतले. आज सोलापूरचा मिस्त्री आला, मशीन लावून बघितलं. मशीन म्हणतंय सगळं ठीक. गार इंजिनाचा आवाज ऐकल्यावर मात्र त्यानं तोंड वाकडं केलं. टायमिंग चेन सैल पडलीय. ती इंजिनाच्या मागच्या बाजूला असते, बदलायची तर अख्खं इंजिन खाली उतरवायचं. दोन आठवडे धरा म्हणाला.
"आणि न्हाय बदलली तर?"
"वर्षभर चालल. न्हायतर उद्या तुटल. तुटली की इंजिन जागेवर खलास. माझ्याकडनं शब्द घेऊ नका."
अण्णा शेजारी खुर्चीत. म्हणाले, "वर्षभर म्हनला न्हवं? साकु."
बास म्हणायचं असलं की अण्णांच्या तोंडी कानडीच येतं.
"येवढं साकु मला. कशाला खोलतूस?"
रवी माझ्याकडं बघायला लागला. मी जमिनीकडं. कुणी सांगितलं त्यांना? कुणीच न्हाय.

२० नोव्हें., गुरु.
रवीशी कडाक्याचं भांडण. तो म्हणतो, आहे तशी घे, सोमवारी शेक सुरू, अण्णांना आराम आत्ता पायजे. बरोबर आहे त्याचं. आणि भर उन्हात हायवेवर चेन तुटली तर? हे माझं म्हणणं. तेही बरोबर.
पण खरं कारण ते न्हाय. इथं तरी लिहावं. अण्णांइतकंच आयुष्य उरलेली गाडी मला दारात नको. रोज सकाळी ती खळखळ ऐकून मी काय मोजत बसू?
संध्याकाळी कंत्राटदाराला फोन केला, चेन बदलून घेतो गाडी. तो तयार झाला. मिस्त्रीला इंजिन उतरवायला सांगितलं. रवी जेवला न्हाय.

२४ नोव्हें., सोम.
पहिला शेक. जीपच. इटकळच्या पुढं थांबावं लागलं. अण्णांना लिंबाच्या झाडाखाली आडवं केलं. घामानं सदरा भिजलेला. माझ्या मनाच्या समाधानापायी त्यांच्या मणक्याचे हाल. बोलूनच टाकलं, "चुकलो अण्णा. तशीच घ्यायला पायजे होती."
डोळे मिटूनच म्हणाले, "न्हाय. चेन नवी टाक. चांगल्यातली टाक. माझ्यामागं तुला फिरवायची हाय. आईला बी ने. दवाखान्याला न्हाय, कुठंतरी चांगल्या ठिकानी ने."
पाणी पाजलं, धरून उठवलं, जीपमध्ये बसवलं.
येताना मिस्त्रीकडं थांबलो. इंजिन खाली उतरवून ठेवलंय. चेन पुण्याहून यायचीय, अजून निघाली न्हाय म्हणे.