भुंग्याचा पाय कोणी बांधला

लिहून ठेवते मनकर्णा, हरिबा धनगराची मागं राहिलेली बायको, वय सत्तरीच्या पुढं, धंदा मेंढरं राखणे आणि कुत्र्यांची हाडं-दात बघणे, राहणार धनगरवस्ती, मौजे लिंबागणेश, तालुका व जिल्हा बीड, इलाखा निजाम सरकार. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि गावचे कुलकर्णी आप्पाराव लिहितात. लिहिलेलं ते मला वाचून दाखवतात, आणि एखादा शब्द पदरचा घातला तर तो मला ओळखू येतो. माझं डोकं जाग्यावर आहे. दात तीनच उरलेत. जन्मभर कुत्र्यांचे दात तपासणाऱ्या बाईच्या तोंडाची ही गत, म्हणून आप्पाराव लिहिता लिहिता हसतात, तेही मला दिसतं. म्हणजे नजर अगदीच गेलेली नाही. हा कागद मी कोणाच्या धाकाने करत नाही. धाक घालणारे सगळे माझ्या आधी गेले. भुलवायला म्हणावं, तर या वयात कोण येतं?

कलम पहिले. राहते माळवद तीन खणांचे. दोन खण मुलगा शहादेव याचे. उगवतीकडचा खण आणि त्यापुढचा लिंबाखालचा ओटा मुलगी सत्यभामा हिचा, ती जिवंत असेतोवर. आप्पाराव म्हणाले, मनकर्णाबाई, दिलेल्या लेकीला घरात वाटा कसा देता येईल? मी म्हणाले, नवरा वारल्यावर तिच्या सासरच्यांनी तिला माझ्या दारात आणून सोडली, तेव्हा कायदा विचारायला कोणी तुमच्याकडं आलं होतं का? लिवा.

कलम दुसरे. मेंढरं सगळी शहादेवाची. त्याला मेंढरं चांगली कळतात. माणसं जरा कमी. माझ्या हातातले चांदीचे गोट सून सुंदरबाई हिला. तिने मला सोळा वर्षं अळणी कालवण वाढलं. वैद्यानं सांगितलंय म्हणते. कोणत्या वैद्यानं, हे अजून सांगायचं आहे. पण गेल्या पावसाळ्यात मी अंथरुणाला खिळले, तेव्हा माझी घोंगडी तिनंच धुतली, तोंड वाकडं न करता. म्हणून गोट तिचे. मीठ मात्र तिनं आता सुरू करावं, माझे थोडेच दिवस राहिलेत.

कलम तिसरे. तुळईला टांगलेल्या पोत्यात सतरा कुत्र्यांचे जबडे आणि पायांची हाडं आहेत. सुंदरबाई त्याला करणी म्हणते. करणी नव्हे. वस्तीतलं कुत्रं मेलं की मी पुरते, वर्षानं उकरते, आणि जितेपणी त्याला काय दुखत होतं ते हाडाशी ताडून बघते. कुत्र्याच्या डोळ्याखाली गळू येतं, तेव्हा आपले लोक डोळ्यात औषध घालतात. मीही सात कुत्र्यांच्या डोळ्यांत पाला पिळला. गळू फुटायचं आणि महिन्याभरात परत यायचं. त्यातली चार पुढं मेली, त्यांचे जबडे पाहिले, तर चौघांचीही वरची मोठी दाढ चिरलेली आणि मुळाशी हाड कुजलेलं. खोट दाढेची अन् शिक्षा डोळ्याला. नंतरच्या कुत्र्यांची दाढच काढली, गळू परत आलं नाही. अशी दाढ बैलाच्या नळीचं हाड फोडणाऱ्या कुत्र्याची चिरते, भाकरी-ताकावरच्या कुत्र्याची सहसा नाही. सरकारी साळोत्री, म्हणजे जनावरांचे वैद्य, घोडे बघायला आले होते, त्यांना दाखवलं. आधी हसले. मग चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि एक जबडा मागितला. मी दिला नाही. ते पोतं, दाढ काढायचा चिमटा, बांबूच्या कामट्या, सगळं सत्यभामेचं. कोणी फेकू नये.

कलम चौथे. खरं तर हा कागद मी याच कलमासाठी केला. माझा धाकटा दीर सटवा याला साक्षीला बोलावलं आहे, कशासाठी ते सांगितलेलं नाही. तो समोर पान चघळत बसला आहे. सटवा, आता ऐक.

बारा वर्षांमागं तुझ्या भुंग्याच्या पुढच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. लांडग्याला एकटा मागं हटवणारा कुत्रा तो. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. त्याच दिवशी खंडोबाला बकरं पडलं होतं. हाड मी नीट बसवलं, लोकर गुंडाळून कामट्या लावल्या. आणि आपल्या रिवाजाप्रमाणं वरून देवाच्या बकऱ्याच्या ओल्या कातड्याची वादी आवळली. ती पाच दिवस सोडायची नसते, हे माझ्या सासूनं मला शिकवलं आणि तिला तिच्या सासूनं. दोन दिवस ऊन कडक पडलं. सत्यभामा तेव्हा नुकतीच माहेरी आली होती. दुसऱ्या सांजेला तिनं भुंग्याचा पंजा हातात धरला आणि म्हणाली, "आये, पंजा गार पडलाय. वादी सोड."

मी म्हणाले, "देवाची हाय ती. पाच दिस हात लावायचा न्हाई."

"देव काय त्याचा पाय मागतोय का?"

मी तिच्या हातावर चिमटा हाणला. तिसऱ्या दिवशी ती वादी कापायला निघाली, तर विळा मी दडवून ठेवला. पाचव्या दिवशी वादी सोडली. पंजा काळा पडला होता, वास येत होता. सातव्या दिवशी भुंग्या गेला. पुढं लांडग्यांनी तुझी कोकरं नेली. तू दारात येऊन विचारलंस, पाय कोणी बांधला? मी म्हणाले, पोरीनं.

ती पाण्याची घागर घेऊन तिथंच उभी होती. माझ्याकडं बघितलं, घागर खाली ठेवली आणि आत गेली. आजपर्यंत त्यावर एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून या वस्तीतल्या एकानंही तिच्या हाती कुत्रं दिलं नाही. येणारा दारातच विचारतो, म्हातारी हाय का? नसेल तर परत फिरतो.

पाय मी बांधला. पोरीनं सोडायला सांगितला होता.

आणखी एक. सहा वर्षं झाली, माझे हात कापतात. हाड बसवताना अंधार लागतो असं सांगून मी तुम्हा सगळ्यांना बाहेर ओट्यावर बसवत होते. अंधाराचा काही संबंध नव्हता. आत सत्यभामा हाड बसवायची आणि मी मोठ्यानं खोकायचे. या सहा वर्षांत ज्या ज्या कुत्र्याचा पाय माझ्या गुणानं सुधारला म्हणून तुम्ही मला नारळ दिलेत, तो तिनं बसवला. नारळ मी खाल्ले. मी हे न सांगता मेले, तर हा हुन्नर माझ्याबरोबर पुरला जाईल, आणि जिच्या हातात तो आहे ती भावजयीच्या भाकरीकडं बघत म्हातारी होईल.

भुंग्या गेल्यावर मी ओल्या कातड्याच्या वाद्या लोकर गुंडाळलेल्या काठीवर आवळून उन्हात ठेवल्या. नऊ वेळा. सकाळी वादीखाली बोट जायचं, सांजेला दाभण जाईना. वाळताना कातडं आखडतं, एवढंच ते. परवा पुन्हा बकरं पडेल. ओली वादी देवापुढं ठेवा, कुत्र्याच्या पायाला बांधू नका. बांधलेल्या पायाचा पंजा रोज सांजेला हातात धरून बघा. गार लागला की सोडा, मग तो कोणी का बांधलेला असेना.

इथवर आप्पारावांनी मोठ्यानं वाचलं. सटवा पान थुंकून उठला आणि निघून गेला. आप्पाराव म्हणाले, दुसरा साक्षीदार बोलावू का? मी म्हणाले, थांबा. खंडोबाचा दिवा लावणारा गहिनीनाथ पहिला साक्षीदार; तो म्हणाला, सटवा लई रागीट हाय, यायचा न्हाई. आम्ही तरी थांबलो. शाई वाळली, आप्पारावांनी ती पुन्हा कालवली.

उन्हं कलल्यावर सटवा आला. खांद्यावर त्याची तांबडी कुत्री होती, चार दिवसांपासून मागचा पाय टेकत नव्हती. माझ्याकडं बघितलं नाही. अंगणात सत्यभामा शेण सारवत होती, तिच्यापुढं कुत्री ठेवली आणि म्हणाला, "भामे, बघ गं हिचा पाय."

सत्यभामेनं हात धुतले. मग म्हणाली, "काका, तोंड घट्ट धरा. दुखंल तिला."

आप्पाराव म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणाले, बसवा.

मुक्काम लिंबागणेश. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८३४, सन १३२२ फसली.

मनकर्णा, मयत हरिबा धनगराची बायको. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

लिहिणार आप्पाराव कुलकर्णी, मौजे मजकूर. बोलली तसे लिहिले.

साक्ष गहिनीनाथ. दस्तुर खुद्द.

साक्ष सटवा धनगर. निशाणी अंगठा. दिवेलागणीला उमटवला, तोवर दोन्ही हात कुत्रीचे तोंड धरण्यात गुंतले होते.