विमानं मोजायची ड्युटी

२ फेब्रुवारी
मला नोकरी लागली! बिनपगारी. रहिवासी समितीचे अध्यक्ष, रिटायर्ड पी.टी. मास्तर, दारात उभे. "वहिनी, विमानतळवाले दुसरी धावपट्टी बांधतायत. सुनावणीला पुरावा हवा. तुम्ही दिवसभर घरीच असता. विमान ऐकू आलं की वहीत रेघ मारायची." म्हटलं, "ह्यांचं घोरणं तीस वर्षं ऐकलं मास्तर, विमान काय चीज आहे!" लाजले बिचारे.

३ फेब्रुवारी
त्रेसष्ट रेघा. मांडणीवरची भांडी थरथरतात, शेजारणीचं तान्हं दचकून रडतं. वाईटच की. पण संध्याकाळी गच्चीवर गेले आणि — अबब! केवढं ते विमानाचं पोट! एवढं धूड, आत दोनशे माणसं चहा पीत बसलेली, आणि पडत नाही! तोंड उघडंच राहिलं. समितीला कळता कामा नये.

२० एप्रिल
एकेचाळीस.

११ जून
सतराच. शेजारीण म्हणते, "काकू, डुलकी लागली होती का?" म्हटलं, "शिस्त लावलीय मी विमानांना!" आणि गच्चीवरून पाहिलं तर खरंच एक भलंमोठं विमान मांजराच्या पावलांनी गेलं. नवीन जातीचं असणार. काय एकेक डोकी असतात माणसांची!

१५ जून
मास्तर तणतणत आले. वही आपटली. "सतरा? मी एकशे चार मोजली! ही वही दिली तर धावपट्टी झालीच म्हणून समजा. फितूर झालात की काय?" मला हसूच आलं. तेवढ्यात सूनबाईनं खांद्याला धरलं. कानाशी येऊन म्हणाली, "आई, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. तुम्ही शेजारीच बसला होतात."

१८ जून
कानाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दाखवलं — वर्षानुवर्षांच्या आवाजानं कान गेलेत. आणि मला वाटायचं, विमानं नरमली!
मास्तर कागद बघून आधी खूश झाले, मग मान खाली घातली. ओरडून म्हणाले, "वहिनी, हा सुनावणीत ठेवला तर धावपट्टी थांबेल. पण तुमची मर्जी."
शेजारणीच्या तान्ह्याचे कान अजून कोरे आहेत. पण ती विमानांची पोटं... दुसरी धावपट्टी झाली असती तर आणखी केवढी आली असती!

१९ जून
सकाळी गच्चीवर गेले. एक आलं, अख्खं आभाळ झाकून. आवाज नाही, नुसती छाती थरथरली. हात आपोआप जोडले गेले.
मग खाली उतरले आणि कागद मास्तरांना देऊन टाकला.