दिव्याचे साडेदहा तास

३ फेब्रुवारी, सोमवार

उघड्या बादलीतले पाणी चार दिवसांत हिरवट होते. झाकलेल्या पिंपातले महिनाभर जसेच्या तसे राहते. नळ एकच, पाणी एकच. हे प्रत्येकाने पाहिलेले आहे आणि शंभरातल्या नव्व्याण्णवांनी त्यावर क्षणभरही विचार केलेला नाही! फरक फक्त झाकणाचा. झाकण म्हणजे अंधार. संपले.

एवढी साधी गोष्ट टाकीवाल्याला कळत नाही, आणि हा गृहस्थ वीस वर्षे माशांच्या टाक्या विकतो आहे. आज दुकानात जाऊन सांगितले — समुद्री टाकीतल्या प्रवाळांवर केसांसारखे हिरवे शेवाळ चढले आहे. लगेच फळीवरची बाटली काढली. "दहा थेंब टाका सर, आठवड्यात साफ!" काय आहे हिच्यात, विचारले. "औषध आहे सर." कसले, विचारले तर बाटली फिरवून स्वतःच वाचू लागला! मग म्हणे, "नाहीतर सरळ हाताने काढा. जुना टूथब्रश घ्यायचा, रोज दहा मिनिटं." पस्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून मी आता शेवाळ घासत बसायचे. कारण सोडून लक्षण घासणारे लोक!

गंमत सोडली तर कोबी धोक्यात आहे. कोबी म्हणजे आमचे सर्वांत जुने प्रवाळ. घड्या घड्यांचे, म्हणून हिने ठेवलेले नाव. लेक लग्न होऊन गेली त्या आठवड्यात आणले, तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढे होते. अकरा वर्षांत तळहाताएवढे झाले. आता शेवाळाने तीन बाजूंनी घेरले आहे; पुरते झाकले की आतला जीव गुदमरणार. ही म्हणाली, "कोबी गेला तर टाकी घरात ठेवायची नाही, आत्ताच सांगून ठेवते."

जाणार नाही. उपाय ठरवला आहे.

४ फेब्रुवारी

दिवा टायमरवर सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसात चालू असतो. साडेदहा तास! ही शेवाळाला घातलेली मेजवानी आहे. दर दोन दिवसांनी सकाळचा अर्धा तास कापायचा, सहा तास उरेपर्यंत. एकदम कापायचे नाही, प्रवाळाला धक्का बसतो. शिवाय पांढरा आणि लाल प्रकाश पाव करायचा, निळा तसाच ठेवायचा. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात, त्या भाडेकरूंना निळा पुरतो. शेवाळाची मात्र पंचाईत होते. किती सुंदर योजना आहे ही! दोघांना एकाच पंगतीत बसवून एकाच्याच पानातले काढून घ्यायचे.

मोजमाप हवेच. पारदर्शक प्लास्टिकवर सेंटिमीटरच्या चौकटी छापून आणल्या आणि समोरच्या काचेवर चिकटवल्या. ज्या चौकटीमागे हिरवे दिसेल ती मोजायची. आज : २१२.

हिला सगळे पाऊण तास समजावले. शेवटी प्रश्न काय, तर — "अहो, पण सकाळी अंधार होईल की तिथे." पालथ्या घड्यावर पाणी!

९ फेब्रुवारी

२१४. इतक्यात फरक पडायचा नाही, माझी अपेक्षाही नव्हती.

जावईबापूंचा फोन. "बाबा, एक ॲप आहे. फोटो काढला की शेवाळाची जात सांगतं." म्हटले, जात विचारून काय करू, सोयरीक जमवायची आहे का? खो खो हसले. मुद्दा कळला नाही, नुसते हसले. यांच्या पिढीला फोटो काढला की काम झाल्यासारखे वाटते.

हिने आज चहाचा कप टेबलाच्या काठाबाहेर ठेवला. काठावर नव्हे — बाहेर! अख्खा कप खाली. "लक्ष कुठे असतं तुझं?" तर म्हणे, "हातून सुटला." सुटला नव्हता. मी पाहत होतो.

१२ फेब्रुवारी

२१९.

हिची तक्रार : "काचेवरची ती जाळी काढा ना. मला पलीकडचं धड दिसत नाही." जाळी नाही, मोजपट्टी आहे ती. अकरा वर्षे कोबी पाहिला, आणखी पंधरा दिवस चौकटीतून पाहिला तर काय बिघडते?

१५ फेब्रुवारी

२२३. साडेसात तासांवर आलो तरी वाढतेच आहे. टाकीत टाकायचे अन्न अर्धे केले. पाण्यातले फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचे खत, तपासले; ठीक. अर्थ एकच — कुठून तरी प्रकाश मिळतो आहे. खिडकी उत्तरेची, पडदा जाड. मग?

वर्तमानपत्र आज पुन्हा घडीसुद्धा न मोडता पडलेले. ही तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासत होती. एक स्वल्पविराम सुटला तर हिला ताप यायचा! आता म्हणते, "काय असतं त्यात, तेच तेच." निवृत्तीनंतर बुद्धीला असा गंज चढतो. मी बाबा रोज नऊ ते एक वाचनालयात बसतो म्हणून शाबूत आहे.

१८ फेब्रुवारी

२३१. कोबीची चौथी बाजूही गेली. वरचा थोडा भाग तेवढा उघडा आहे.

२१ फेब्रुवारी

आजपासून दिवा फक्त दीड ते साडेसात. सहा तास. चौकटी २३८!

वाचनालयाची वीज गेली म्हणून साडेबारालाच परतलो. सहज बंद दिव्याच्या पत्र्यावर हात ठेवला. गरम! जो दिवा दीडला लागायचा तो साडेबाराला गरम. हिला विचारले. "मी कशाला हात लावू तुमच्या यंत्राला?" — पाठमोरी, ओट्याकडे तोंड करून. म्हणजे टायमर खोटा. कुठल्या तरी अर्धशिक्षिताने जोडलेला असणार.

२२ फेब्रुवारी

टायमर टाकीवाल्याच्या काउंटरवर आपटला. दुकानात दोन गिऱ्हाइके होती. त्यांच्यादेखत प्रकाशाचे शेवाळावरील परिणाम सविस्तर सांगितले. गरीब बिचारे ऐकत राहिले. टाकीवाल्याने शांतपणे टायमर लावून पाहिला. "चोख चालतोय, सर. पण बाजूला हे हाताने चालू करायचं बटण आहे ना, ते दाबलं की सगळे रंग पूर्ण लागतात. घरात कुणीतरी दाबतंय." म्हटले, माझ्या घरात अशिक्षित कोणी नाही. तो म्हणाला, "शिकलेले लोकच जास्त दाबतात, सर." वर हसला! अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले लोक.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नऊला निघालो. कोपऱ्यावरून परत फिरलो आणि सव्वानऊला दार उघडले.

टाकी लख्ख पेटलेली. पांढरा, लाल, सगळे पूर्ण. आणि समोर खुर्ची ओढून ही. हातात वर्तमानपत्र, टाकीच्या अगदी कडेला दिव्याखाली धरलेले, मान तिरकी — कोंबडी दाणा पाहते तशी.

म्हणजे मी सहा तास केले, ते ही रोज नऊपासून चालू करून पुन्हा दहा करत होती! पंधरा दिवस माझ्या डोळ्यांत धूळ. कोबी हिच्याच हाताने मरतो आहे आणि धमक्या मला! फार बोललो. ही म्हणाली, "खोलीतल्या दिव्यात अक्षरं पुसट होतात. इथे मोठे मथळे तरी लागतात."

मग डोळ्यांची तक्रार करायची, चष्म्याचा नंबर बदलायचा! टाकी कशाला?

"नंबर नाही हो तो. आणि तुमची ती जाळी पण नीट छापलेली नाही. मधे वाकलीय बघा, पाण्यात विरघळल्यासारखी."

छापखान्यातून मोजून आणलेली जाळी, पट्टी लावून तपासलेली. नाचता येईना, अंगण वाकडे!

२५ फेब्रुवारी

अबोला. २४२.

पट्टी लावून पुन्हा तपासले. एकही रेघ वाकडी नाही.

२६ फेब्रुवारी

वाचनालयात बसलो होतो, पान उलटले नाही.

क्रमाने मांडतो. जाळी सरळ आहे, हे पट्टीने सिद्ध. ती वाकडी आहे, असे हिचे म्हणणे. हिचे म्हणणे खोटे धरावे, तर हिनेच एकदा टेबलाच्या पलीकडून, उलट्या धरलेल्या कागदावर, माझ्या प्रश्नपत्रिकेची एक ओळ केसभर तिरकी लागल्याचे दाखवले होते. छापखान्यातला अक्षरांचे खिळे जुळवणारा पट्टी घेऊन आला, आणि ओळ खरोखरच तिरकी होती. तीस वर्षांत छपाईच्या बाबतीत ही एकदाही चुकलेली मला आठवत नाही.

रेघ वाकलेली नाही. ही चुकत नाही. मग रेघ आणि ही यांच्यामध्ये जे आहे, ते वाकले आहे.

कप काठाबाहेर. वर्तमानपत्राची न मोडलेली घडी. तिरकी मान. सगळी निरीक्षणे माझ्याच अक्षरात याच वहीत आहेत. आणि मी काय मोजत होतो, तर शेवाळ.

घरी आल्यावर विचारले, केव्हापासून? म्हणाली, "वीज गेल्यासारखं एकदम नाही गेलं. थोडं थोडं. तुम्ही दिवा कापलात ना, तसं." सांगितले का नाहीस? "सांगितलं असतं तर तुम्ही पाऊण तास समजावलं असतं. मला तेवढा वेळ कोबी बघायचा होता."

२७ फेब्रुवारी

डोळ्याच्या पडद्याची घरच्या घरी तपासणी : चौकटीचा कागद वाचायच्या अंतरावर धरायचा. वाचायचा चष्मा असेल तर तो लावायचा. एक डोळा तळव्याने झाकायचा, मध्यावर एक ठिपका काढून त्याच्याकडेच पाहायचे. मग दुसरा डोळा. रेघा सरळ दिसल्या पाहिजेत आणि कुठे भोक दिसता कामा नये. एक मिनिट लागते. घरातल्या प्रत्येकाने करावे, बोलण्याआधी करावे.

मी : दोन्ही डोळ्यांनी सरळ.

ही : उजव्या डोळ्याने मधल्या चार चौकटी वाकड्या. डाव्याने मधल्या नऊ नाहीतच.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ उद्या साडेनऊची. काचेवरची जाळी काढली. जुना टूथब्रश घेऊन कोबी घासला, दहा मिनिटे लागली. दिवा चालू आहे.