छत्तीस सारख्या होड्या

प्रिय कुमुदताई,

आज मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी कपाटावरची चित्रांची गुंडाळी खाली काढली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. शनिवारी दांडीला तुमच्या गावची माणसं तुमच्या आठवणीसाठी सभा घेताहेत. तिथे भिंतीवर आमच्या सालवडच्या मुलांनी केलेल्या होड्या लावायच्या आहेत. "बाई, तुमचा सत्कारही आहे बरं का," असं जाता जाता सांगून गेले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही हे वाचणार नाही, कळतं मला. पण जिच्याशी खोटं बोलले, तिलाच आधी सांगायला नको का?

ताई, त्या होड्या मुलांनी केलेल्या नाहीत. मी केल्या.

तुमचं होडीचं पुस्तक मी तिसरीला पंधरा दिवस शिकवत होते. तुम्ही कोळ्याच्या घरातल्या, कधी कात्री हातात धरली नाहीत, जुने कागद बोटांनी फाडून फाडून चित्रं केलीत, सगळं सांगितलं. मुलं केवढी खूश! बोईसरच्या कंपन्यांत कामाला असलेल्या बापांकडून औषधांचे वाया गेलेले खोके आले, कोणी जुनं कॅलेंडर आणलं. वर्गात चालायला जागा उरली नाही.

मग फाडायला बसवलं. एकाची होडी चपलेसारखी, दुसरीची अर्ध्या भाकरीसारखी. आणि तुम्ही स्वतः बघायला येणार होतात. केंद्रप्रमुखही येणार होते. माझा धीर सुटला. मी मुळातच अशी. माझ्या सासूबाई म्हणतात, हिला दुसऱ्याने लाटलेली पोळी दिसली की हिचे हात शिवशिवतात. रविवारी घरी बसून पुठ्ठ्याचा साचा केला आणि छत्तीस होड्या कापल्या. कात्रीने! मुलांनी फक्त खळ लावून चिकटवल्या.

एकीने मात्र माझी होडी घेतली नाही. रंजू. डोंगराकडच्या पाड्यावरची पोर, आईबाप बांधकामाच्या कामासाठी सालवडला खोली घेऊन राहतात. तिचा मामा दांडीला होडीवर खलाशी आहे. तिने स्वतः फाडलेली होडी चिकटवली होती, वर निळं प्लास्टिक, आणि खाली पाण्याचा पत्ता नाही. मी म्हटलं, "अगं, होडी पाण्यात असते ना?" ती म्हणाली, "नाय बाई. पाऊस हाय, म्हणून वर काढून ठेवलीय. मामा घरी हाय."

ऐकायला हवं होतं मी. पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर झाकून ठेवतात, हे मला सांगलीकडच्या बाईला काय ठाऊक? मी तिची होडी नखाने खरवडून काढली आणि तिथे माझी लावली. वर म्हणाले, "आता बघ कशी छान दिसते." रंजू रडली नाही. ती रडली असती तर कदाचित मी थांबले असते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. रिक्षातून उतरताना तुम्हाला धाप लागली होती, तरी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात. एका होडीच्या कडेवरून अंगठा फिरवलात. विचारलंत, "कोनी केल्या गो बाय?"

"मुलांनीच, ताई," मी म्हणाले. मुलं समोर बसलेली होती. सगळ्यांनी ऐकलं.

"बरं हाय," एवढंच म्हणालात आणि पाणी मागितलंत. आयुष्यभर कागद फाडलेल्या बाईला कात्रीची कड कळली नसेल? मग बोलला का नाहीत? रागावायचं होतंत. मी चिडले असते, घरी जाऊन चार भांडी आपटली असती, पण दुसऱ्या दिवशी मुलांना परत बसवलं असतं. तीन आठवड्यांत तुम्ही गेलात. मुलांच्या हातचं तुमच्या पुस्तकातलं काहीतरी बघायला आला होतात तुम्ही, आणि मी माझाच साचा दाखवला. याची मला फार लाज वाटते.

आज हेडमास्तर गेल्यावर रंजूला जवळ बोलावलं. समोर कागद ठेवले. म्हटलं, "तुझी ती वर काढून ठेवलेली होडी परत करशील? कुमुदताईंसाठी?"

तिने दोन्ही हात मांडीखाली घातले. "तुमीच करा, बाई," म्हणाली. "माजी चुकते."

चिडून म्हणाली नाही. अगदी सरळ म्हणाली, आपलं नाव सांगावं तशी. ताई, हे मी शिकवलं तिला. तिसरीत तिने माझ्याकडून दुसरं काय घेतलं कोण जाणे, हे मात्र पक्कं घेतलं.

ती गुंडाळी दांडीला जाणार नाही, हा माझा शब्द. हेडमास्तरांना उद्या सकाळीच सांगते, सत्कार नको म्हणून. ओरडतील, ओरडू देत. मग वर्गात उभी राहून सांगेन की होड्या मी कापल्या, ताईंशी मी खोटं बोलले आणि रंजूची होडी बरोबर होती. मुलांना कागद देईन आणि मी दूर जाऊन बसेन.

रंजू मांडीखालचे हात बाहेर काढेल की नाही, मला माहीत नाही. नाही काढले, तर शनिवारी तुमच्या गावासमोर सांगेन की एक चित्र यायचं राहिलं, आणि ते माझ्यामुळे राहिलं.

तुमची अपराधी,
वैशाली,
सालवडच्या तिसरीच्या बाई