गाडी जाऊ दे

प्रिय अण्णा,

सप्रेम जयभीम. काल तुम्हाला जाऊन वर्ष झालं. वर्षभर मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. आज ते भांडण मिटलंय, म्हणून लिहायला बसलेय. तुमचं गाणं सापडलं.

कशावरून भांडत होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गायन पार्टीचं एक तरी रेकॉर्डिंग का करू दिलं नाहीत? मी मोबाइल वर धरला की तुम्ही गाणंच थांबवायचात. "ऐकायचं तर समोर बसून ऐक. मी काय पळून चाललोय?" गेलातच ना शेवटी?

बाकीची गाणी कोरसमधल्या सगळ्यांना पाठ आहेत. पण आजीवरचं गाणं तुम्ही एकटे म्हणायचात, धर्माकाकांच्या ढोलकीवर. आणि आईला वर्षाच्या कार्यक्रमात नेमकं तेच हवं होतं. "बाकी काही करू नको. तेवढं म्हण," एवढंच म्हणाली. तिनं कधी काही मागितलंय का हो? आता मागितलं, तर मला ते येईना.

शब्द येत होते. पहिलं कडवंही सुरात यायचं:

शेतापल्याड शिट्टी वाजे, आई सोडी काम,
म्हणे, आला लेक माझा, पुसून घेई घाम.

रेडिओवर लांबच्या गाडीचं गाणं लागलं की तुम्ही चिडायचात, आठवतं? कुणीतरी सोडून चाललेलं, कुणीतरी रडत बसलेलं. चाळीतल्या जिन्यावरच्या कॅलेंडरच्या चित्रातही गाडी डोंगराआड निघालेलीच होती. "या सगळ्यांची गाडी जातेच कशी?" तुम्ही म्हणायचात. "आमच्या आईची गाडी यायची." तुम्ही मुंबईला आलात आणि गावाकडे आजी रोज शेतापलीकडची शिट्टी ऐकून हातातलं काम टाकायची. तुम्ही वर्षातून एकदा जायचात, ती रोज वाट बघायची.

तर पहिलं कडवं ठीक. दुसरं उचललं की सगळं बिनसायचं. सूर खाली पडायचा आणि गाणं कुणा भलत्याचंच वाटायचं. स्वयंपाक करताना म्हणून बघितलं, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन म्हणून बघितलं. मग एक भीती बसली. सूर गेला, आता हळूहळू तुमचा आवाजही जाईल. ही भीती मी कुणाला सांगितली नाही, आईला तर नाहीच.

शेवटी मागच्या रविवारी शीव कोळीवाड्याला धर्माकाकांकडे गेले. ते हल्ली लेकीकडे असतात. मला ओळखलं, पण चहा दोनदा विचारला. म्हटलं, यांना काय आठवणार, आणि ढोलकी वाजवणाऱ्याला सुराचं काय विचारायचं? तरी मी म्हणायला लागले. त्यांनी मांडीवर ठेका धरला. पहिलं कडवं संपलं, मी दुसरं उचललं आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं बाय, गाडी जाऊ दे की."

कुठली गाडी, काका? खाली रिक्षांचा आवाज, दुसरं काही नाही. पण ते बोट वर करून बसून राहिले, मानही हलवेनात. आणि मग मला आपली कॉटन ग्रीनची खोली दिसली.

तुमची प्रॅक्टिस रंगात आली की चाळीमागून गोदीकडची मालगाडी निघायची. काही ऐकू येत नसे, म्हणून सगळे थांबायचे. आम्ही पोरं तेवढ्यात पाणी पिऊन यायचो. तुम्हाला पुढे त्या थांबण्याची इतकी सवय जडली की कल्याणला गा नाहीतर नाशिकला, तुम्ही या गाण्यात पहिल्या कडव्यानंतर थांबायचातच. आयोजकांना वाटायचं, बुवा शब्द विसरले. आम्ही घरी त्यावर पोट धरून हसायचो. मी तर आता गाताना ते थांबणं काढूनच टाकलं होतं. गाडी गेली, चाळ गेली, आता थांबायचं कशाला?

धर्माकाकांनी बोट खाली केलं आणि ओठ मिटून बारीक आवाजात भोंगा दिला. गोदामांपलीकडे पोचल्यावर गाडी लांबून द्यायची, तोच. म्हणाले, "तुझा बाप हितनं उचलायचा."

मी उचललं.

गाडी गेली, जाऊ दे गं, दार राहू दे खुलं,
उद्याच्याला गाडीमधी येईल माझं मूल.

अण्णा, अख्खं कडवं आलं, तुमच्या गळ्यातल्या हरकतीसकट. धर्माकाका ठेका चुकवून रडत होते आणि मला मात्र इतकं हलकं वाटत होतं की मी हसत सुटले. पण तुम्ही भोंग्यावरून सूर घेता हे एकदा सांगायला काय झालं होतं?

काल अँटॉप हिलला आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग मी गायले. पहिलं कडवं संपलं आणि मी थांबले. साउंडवाला धावत आला, माइक बंद पडला म्हणून. आमच्या ऑफिसातली माणसं माझ्यासाठी कावरीबावरी झाली. पण आपल्या चाळीतली जेवढी माणसं आली होती, ती शांत बसलेली. टाळीसाठी वर गेलेले हात तसेच थांबलेले. दोघीतिघी तर सवयीनं पाणी प्यायल्या. आईनं डोळे मिटले होते. गाडी कुठून येणार? तरी आम्ही ती सगळी जाऊ दिली.

मग आईनंच डोळे न उघडता मला मान हलवून खूण केली: गेली, म्हण आता.

हे गाणं मी शिकवणार आहे, अण्णा, ज्याला हवं त्याला, आणि रेकॉर्डही करणार आहे. रागवा हवं तर. पण मधली ती जागा कुणालाही पेटीनं किंवा कीबोर्डनं भरू देणार नाही, हा माझा शब्द. गाडी कितीही लांब असो, ती जाईपर्यंत आम्ही थांबू.

तुमचीच,
बेबी